सलाबतखानाची चूक

नगरलगतच्या आमच्या भिंगारजवळ एक इमारत आहे. १५८३ साली ती पुरी झाली आणि तेव्हापासून आजतागायत तिने गारव्यासाठी विजेचं एक युनिट जाळलेलं नाही. एसी दुरुस्त करणारा तिच्या दारात कधी आला नाही. टँकरवाल्याकडे तिचा पत्ता नाही. चारशे चाळीस वर्षं एवढी अवाढव्य वास्तू उभी राहावी आणि तिच्या गारव्यावर एकाही माणसाचं पोट चालू नये, यात कौतुक करण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. पण लोक लांबून येतात, माना वर करून बघतात आणि कौतुक करतात. तिला फराहबाग म्हणतात.

मी भिंगारचाच. शाळेत असताना आमची सहल तिथेच जाई, कारण चालत जाता येई. गुरुजी म्हणायचे, बघा, केवढी दूरदृष्टी! आम्ही बघायचो. दूरवर काही दिसायचं नाही. सलाबतखानाची चूक माझ्या ध्यानात आली ती फार पुढे, मी स्वतः घर बांधायला काढलं तेव्हा.

मुर्तझा निजामशहाच्या या कारभाऱ्याने काम मुळातच उलट्या टोकाने धरलं. आधी पाण्याचा विचार केला, मग इमारतीचा. दुरून नळाने पाणी आणलं, तळं भरलं आणि तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल उभा केला. मधल्या दिवाणखान्याची उंची सुमारे तीस फूट. आता तीस फुटांत आजचा कुठलाही सुज्ञ बिल्डर तीन मजले काढतो. खानाने तिथे काय ठेवलं? हवा. गरम हवा वर जावी, गार हवा खाली राहावी आणि माणसाने खालच्या हवेत बसावं, एवढ्यासाठी दोन मजले फुकट घालवले. भिंती अशा जाड की त्यांच्या जाडीत एकेक पलंग मावेल. आधी झालेलं बांधकाम पसंत पडलं नाही म्हणून ते पाडून पुन्हा बांधलं, असंही सांगतात. आम्ही इतके चोखंदळ नाही. आम्हाला पसंत पडलं नाही तरी आम्ही तसंच ठेवतो आणि वर एसी लावतो.

तळ्याचं गणित तर अगदीच बाळबोध होतं. आमच्याकडची चैत्र-वैशाखातली हवा कोरडी ठणठणीत. अशी हवा पाण्यावरून गेली की पाणी पिते आणि पिता पिता गार होते. माठ याच तत्त्वावर चालतो. खानाने राजाला माठात ठेवलं, एवढंच.

बरं, ही खोड एकट्या त्याची नव्हती. अख्ख्या निजामशाहीला ती जडलेली होती. १४९० साली याच भिंगारच्या परिसरात अहमद निजामशहाने बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे इथे नगर शहर वसवलं. शहर वसवल्यावर माणसाने स्वस्थ बसावं. पण या मंडळींनी आजूबाजूच्या डोंगरांच्या पायथ्याशी पाणी शोधलं आणि कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा ठिकाणांहून खापरी नळांनी ते शहरात आणलं. मोटार नाही, स्टार्टर नाही. पाणी उतारावरून आपल्या पायांनी चालत येई. नळात हवा कोंडली तर तिला बाहेर पडायला वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले. म्हणजे त्या काळी नळालासुद्धा श्वास घ्यायची सोय होती. माझ्या घरात ती सोय मी जाणीवपूर्वक टाळली आहे. त्याची हकीकत पुढे येईल.

माझं मूळ घर माळवदाचं. दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, वर सागाच्या तुळया, त्यावर किलचण आणि किलचणीवर पांढऱ्या मातीचा जाड थर. छताला मधे एक सवणं. त्यातून उजेड आत यायचा आणि चुलीचा धूर, माणसांची वाफ, दुपारची तलखी असं सगळं बाहेर जायचं. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यावर फरशी ओढायची, झाला पंखा बंद. वैशाखातलं ऊन दुपारी बारा वाजता भिंतीला लागलं की त्याला आत पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटायची आणि तोवर आम्ही बाहेर अंगणात बाजा टाकून झोपलेलो असायचो. ऊन बिचारं रिकाम्या घरात शिरायचं आणि पहाटेच्या गारव्याने हात हलवत परत जायचं. पाहुण्याशी असं वागणं बरं नव्हे.

म्हणून मी ते घर पाडलं.

माझी भाची आर्किटेक्ट आहे. शिकायला पुण्याला होती, तेव्हापासून तिच्या बोलण्यात वारा कुठून येतो आणि ऊन कुठून येतं याचाच विषय असतो. तिने कागदावर दोन रेघा मारल्या आणि म्हणाली, "मामा, पश्चिमेला काच नको. तिकडे जिना घ्या, संडास-बाथरूम घ्या, भिंत जाड करा. खिडक्या समोरासमोर ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल. मधे एक चौक सोडा, वरून उघडा. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारा. निम्मा एसी तिथेच वाचतो."

मी म्हणालो, "पोरी, एसी वाचवायचा असता तर मी तो घेतला कशाला असता?"

ती गप्प झाली. शिकलेल्या माणसांना साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

तर माझ्या घराची पश्चिम बाजू पायापासून गच्चीपर्यंत निळ्या काचेची आहे. रस्त्यावरून जाणारा थांबून बघतो. काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसतं, त्यामुळे तो खूश होऊन जातो. दुपारी तीनपासून सूर्य त्या काचेतून आत येतो आणि आत आलेला सूर्य पुन्हा बाहेर जात नाही. काचेचा हा गुण थंड देशांतल्या लोकांनी हेरला आणि थंडीत भाज्या पिकवायला काचेची घरं बांधली. आपण तीच युक्ती बेचाळीस अंशांच्या गावात माणसांसाठी वापरली, हे आपलं पुढचं पाऊल. आमच्या दिवाणखान्यात मेमध्ये टोमॅटो उत्तम आले असते.

आत आलेली ही उष्णता बाहेर काढायला चार एसी आहेत. ते आतली उष्णता उचलतात आणि स्वतःच्या घामासकट बाहेरच्या बोळात टाकतात. बोळ तापतो. शेजाऱ्याची खिडकी बोळात उघडते, त्यामुळे गेल्या वर्षी त्यानेही एसी घेतला. त्याच्या एसीची धग आता माझ्या बाजूला येते, म्हणून मी पाचवा घेणार आहे. प्रगती प्रगतीला जन्म देते, हे पुस्तकात वाचलं होतं. बोळात उभं राहिलं की ते कातडीला कळतं. नवा एसी सुरू केला की आपोआप २४ अंशांवर येतो. २०२० पासून तसा नियमच आहे. आम्ही तो १८ वर नेतो आणि रजई घेतो. रजया मी बांधकामाच्या अंदाजपत्रकात धरल्या नव्हत्या, तेवढी एक चूक झाली.

आता वायुवीजन. सगळ्या खिडक्या कायमच्या बंद प्रकारातल्या आहेत. उघडली की धूळ येते, आवाज येतो आणि मुख्य म्हणजे वारा येतो. आपला साधा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच पुन्हा पुन्हा गार करतो, हे भाचीने मला सांगितलं. ती ते तक्रार म्हणून सांगत होती. मला त्यात बचत दिसली. घरातली हवा घरात राहते. रात्री आम्ही पाचजण मिळून ती वापरतो आणि सकाळी सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखतं. कुटुंबात एवढी एकवाक्यता मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. वाड्यात जो तो आपापल्या मर्जीने ताजातवाना उठायचा.

बंद खोलीचं सामर्थ्य काय असतं, ते नगरच्या इतिहासात नोंदलेलं आहे. ज्या मुर्तझा निजामशहासाठी सलाबतखानाने तीस फुटांची हवा राखून ठेवली, तो फराहबागेत बुद्धिबळ खेळत बसे, असं सांगतात. १५८८ साली त्याच्या मुलाने, मीरान हुसेनने, त्याला हमामात कोंडलं, दारंखिडक्या घट्ट लावल्या आणि खाली मोठा जाळ केला. बाकीचं काम वाफेने केलं. फिरिश्ता नावाचा इतिहासकार तेव्हा नगरच्या दरबारातच चाकरीला होता, त्याने हे लिहून ठेवलं आहे. स्थापत्याच्या दृष्टीने पाहिलं तर प्रसंग साधा आहे: पाणी तापवायची सोय उत्तम, हवा जायची सोय शून्य. आजही बंदिस्त न्हाणीघरात गॅसचा गीझर लावणारे लोक हीच रचना करतात. तिथे गीझर हवेतला प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना रंग ना वास, त्यामुळे घराच्या शोभेला बाध येत नाही.

भाची म्हणाली, "मामा, निदान बाथरूमला तरी झडप ठेवा, आणि गीझर बाहेर बसवा."

एरवी मी ऐकलं नसतं. पण मलाही एक मुलगा आहे. झडप ठेवली.

जुन्या घरात पाणी तापवायला तांब्याचा बंब होता. खाली चार ढलप्या, तुराट्या, वाळलेल्या शेण्या, जे असेल ते घालायचं. बारा माणसांच्या आंघोळी व्हायच्या आणि राख उरायची ती भांड्यांना. न्हाणीचं पाणी परसात जायचं, तिथे अळू आणि केळी. म्हणजे आंघोळ केली की अळूच्या फतफत्याची सोय व्हायची. अशा घरात माणूस आंघोळ कशासाठी करतोय, तेच स्पष्ट नसतं. नव्या घरात मी प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र वाट दिली. पाणी येतं ते पैसे देऊन येतं आणि जातं ते थेट गटारीला जातं. मधे अळू वगैरे कोणी नाही.

गच्चीवर सौर बंबही बसवला आहे, कारण मी पर्यावरणवादी आहे. तो गच्चीवर आणि बाथरूम तळमजल्यावर असल्यामुळे गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावं लागतं. त्या दोन बादल्या म्हणजे सूर्यदेवाला अर्घ्य. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी त्याच्या नळ्या आतून पांढऱ्या करून टाकल्या आहेत. आणि त्याच्या दक्षिणेला मी घराच्या नावाची मोठी पाटी उभारली, तिची सावली हिवाळ्यात बरोबर त्याच्यावर पडते. घराचं नाव 'हिरवाई'.

पाण्याचं मात्र मी सगळ्यांत जास्त मन लावून केलं. आमचा भाग पर्जन्यछायेचा. नगरला वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माझी गच्ची दोन हजार चौरस फुटांची. भाचीने हिशेब करून दाखवला: या गच्चीवर वर्षात एक लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. मी म्हणालो, पडू दे. ते पावसाळ्यात पडतं आणि पावसाळ्यात मला पाणी नको असतं. म्हणून चार पाइप लावून ते रस्त्यावर सोडलं. रस्त्यावर गुडघाभर साचतं, तेव्हा शेजारीपाजारी भेटतात, एकमेकांची वाहनं ढकलतात. नियमाप्रमाणे शोषखड्डाही आहे. तो नकाशात आहे. नकाशा फार सुंदर काढलाय.

मग मे महिन्यात मी तेच दहा टँकर विकत घेतो. शिवाय बोअर आहे. आमच्या खाली काळा पाषाण. पाणी असलं तर त्याच्या भेगांत असतं, आणि भेग लागली तर लागली. पहिलं बोअर तीनशे फुटांवर कोरडं गेलं. दुसऱ्याला पाणी लागलं आणि दोन उन्हाळ्यांत आटलं. तिसरं शेजाऱ्याच्या बोअरजवळ घेतलं, त्यामुळे दोघांची एकाच वेळी आटली. पुन्हा एकवाक्यता. आमच्याच तालुक्यात हिवरे बाजार नावाचं गाव आहे. तिथले लोक शेतीला बोअर घेत नाहीत आणि दरवर्षी पाऊस किती पडला त्यावरून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. जमिनीत किती शिल्लक आहे ते बघून खर्च करणं ही वृत्ती मला जरा कद्रूपणाची वाटते. शिवाय त्या गावाचे पोपटराव पवार पद्मश्री झाले. आता बोअरवेलच्या गाडीवाल्यांना कोणी पुरस्कार देतं का?

प्यायला शुद्ध पाण्याचं यंत्र आहे. ते एक तांब्या शुद्ध करताना दोन-तीन तांबे बाहेर टाकतं. ते तांबेही विकतच्या टँकरचे. अशा रीतीने आमच्या घरातला प्रत्येक थेंब कोणाच्या ना कोणाच्या हाताला काम देतो.

माझा मुख्य सिद्धान्त तो हाच. स्वतःच्या बळावर गार राहणारी, स्वतःचं पाणी स्वतः साठवणारी इमारत आप्पलपोटी असते. ती कोणाकडे काही मागत नाही. माझं घर सदैव मागत असतं. एसीवाला, टँकरवाला, बोअरवाला, यंत्राच्या जाळ्या बदलणारा, सौर बंबाच्या नळ्या घासणारा, डोकेदुखीचा डॉक्टर, सगळ्यांना ते बांधून आहे. पूर्वी बलुतेदार बारा होते. माझ्या घराचे मी मोजले, चौदा झाले. फराहबागेला फक्त एक राखणदार आहे. मागच्या मेमध्ये मी दुपारी तिथे गेलो तेव्हा तो आतल्या कमानीत पंख्याशिवाय बसला होता. म्हणाला, "बसा सायेब जरा, आत गार हाय."

मला त्याची कीव आली. बसलो मात्र तासभर.

सलाबतखानाची चूक सुधारायचा मान अखेर आपल्या पिढ्यांनाच मिळाला. फराहबागेभोवतीचं तळं आज कोरडं आहे. त्याचं पाणी तोडण्यासाठी कोणी ठराव केला नाही, मोर्चा काढला नाही. फक्त कोणी लक्ष दिलं नाही. मोठी कामं अशीच होतात. एवढं होऊनही इमारत हट्टाने आतून गार राहते. पाणी काढून घेतलं तरी जाड भिंती आहेत, भिंती ढासळल्या तरी उंची आहे. एका आधारावर सगळं घर टांगून ठेवण्याचं धाडस त्या काळच्या लोकांत नव्हतं.

आणि खान मरेपर्यंत सुधारला नाही. मेल्यावरही नाही. नगरहून पाथर्डी रस्त्याला लागलं की डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली इमारत दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. ती कबर सलाबतखानाची. कमानी चारी बाजूंनी सताड उघड्या आणि डोंगराचा वारा आरपार. मेलेल्या माणसाला वारा लागतो कशाला? श्रेयसुद्धा चांदबिबीला गेलं, ते योग्यच झालं. माझ्या घराचं सांगायचं तर तिथे कोणीही कोणाला वाऱ्यावर सोडू शकत नाही. बाथरूमची झडप सोडली तर वाऱ्याला यायला फटच ठेवलेली नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. वाडा पाडताना मागचा एक खण राहिला. आईची कोठीची खोली. तीच मातीची भिंत, तेच माळवद, वर सवणं. आई म्हणाली, "माझ्या माघारी काय पाडायचं ते पाड." ती अजून तिथेच निजते. खोलीत एक दिवा आहे, बाकी विजेचं काही नाही.

गेल्या मेमध्ये रात्री दहाला वीज गेली. दहा मिनिटांत घराने मान टाकली. काचा तव्यासारख्या तापलेल्या, खिडकी उघडत नाही, पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही. मुलगा मोबाइलच्या उजेडात उघडेल अशी खिडकी शोधत होता. त्याला मी कौतुकाने सांगितलं की तशी एकही नाही. साडेअकराला आम्ही पाचजण सतरंज्या घेऊन मागे गेलो. आईने काही विचारलं नाही. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी दिलं आणि म्हणाली, "दार उघडं राहू दे, झुळूक येते." वर सवण्यातून चार चांदण्या दिसत होत्या. सकाळी सहाला जाग आली. डोकं कोणाचंच दुखत नव्हतं.

वीज साडेसातला आली. असा प्रसंग पुन्हा येता कामा नये, यावर घरात एकमत झालं. मी त्याच दिवशी मोठ्या जनरेटरचे दर काढले. ठेकेदार जागा बघून गेला. पुढे गाड्या लागतात, बोळात एसी आहेत, गच्चीवर पाटी आहे. जनरेटर बसेल अशी जागा एकच, मागची. माती आहे, म्हणाला, अर्ध्या दिवसात खाली येईल.

सोमवारी बोलावलंय. आईला अजून सांगितलेलं नाही.